कोणते देशमुख?

"कोणते देशमुख म्हणायचे तुम्ही?" काकूंनी माझ्या केसांतून फणी ओढत विचारलं.

मी देशमुख नव्हते. मी वनमाला खोब्रागडे. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बौद्ध वस्तीतली, गिरणीत साचे चालवणाऱ्या दौलत खोब्रागडेंची पोरगी. पण खामगावच्या त्या कापसाच्या जिनमालकाच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या, बंगल्यात मी कालपासून देशमुख होते, आणि आडनावाच्या पुढचं काही मला कोणी पढवून दिलेलं नव्हतं.

"अचलपूरकडचे, काकू," शेजारी बसून कॅनव्हासच्या बुटांना खडू फासत असलेली कुमुद डोंगरे मान वर न करता म्हणाली. "मोठं खटलं आहे. हिचे वडील पहिल्यापासून नागपुरात नोकरीला, म्हणून हिला गावाकडचं फारसं ठाऊक नाही."

"असं होय!" काकू खूश झाल्या. "उंच आहे गं पोरगी. माझ्या भावाचा मुलगा आहे, तोही असाच ताडमाड. बघू, बोलू तुझ्या वडलांशी."

टीममधल्या पोरी फिस्सकन हसल्या. मीही हसले. कुमुद तेवढी हसली नाही. तिनं दुसरा बूट घेतला.

हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की सांगताना माझं मलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटायला लागतं. पण सांगायचं तर पिंपळापुरे सरांपासून सांगावं लागेल, कारण भांडण सगळं त्यांच्यावरून आहे.

पिंपळापुरे सर आमच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायचे. नुसतं शिकवायचे म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. त्या काळी विदर्भात मुलींच्या टीमची गोष्ट निघाली की त्यांचंच नाव निघायचं. पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी, सायकलच्या हँडलला जाळीत बांधलेले दोन बॉल. नागपुरातल्या गल्लीगल्लीत त्या सायकलीवरून फिरून त्यांनी मुली जमवल्या होत्या. मुलगी उंच दिसली की थेट तिच्या घरी. आईबापांना नाही म्हणता यायचं नाही, इतके ते चिवट.

आमच्या घरी ते आले तेव्हा अख्खी वस्ती दाराशी गोळा झाली. बामनाचा मास्तर सायकल घेऊन इंदोऱ्यात आला, हीच नवलाई. बाबांनी घरातली एकुलती एक खुर्ची पुढे केली आणि उभ्यानंच विचारलं, "सर, चहा चालन का?"

त्या प्रश्नात काय काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. सरांनाही कळलं असणार.

"चालेल की. साखर कमी," ते म्हणाले. चहा प्यायले, वर पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी माझ्याकडे द्या. दोन वर्षांत हिला युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाही घातलं तर नाव बदला माझं."

सर गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "मानूस बरा दिसते. खेलू दे."

सरांनी जीव ओतून शिकवलं. मी खेळायला लागले, आणि खेळायला लागले म्हणजे वेड लागल्यासारखी. कुमुद माझ्यासारखीच नवी होती. तिचे वडील रेल्वेत गार्ड. अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायची. गोरी, शांत, बोलणं एकदम शुद्ध. ती बॉल द्यायची आणि मी बास्केट करायची, असं आमचं जमून गेलं.

बहात्तरच्या दुष्काळात खामगावला मुलींच्या स्पर्धा होत्या. ही माझी बाहेरगावची पहिली स्पर्धा. गाडी यायच्या आधी सरांनी मला प्लॅटफॉर्मवर बाजूला बोलावलं. हातातला बॉल अंगठ्यानं दाबून हवा बघत म्हणाले, "वनमाला, खामगावात तू देशमुख. कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचं."

"काऊन, सर?"

"आपली उतरायची सोय जिनवाल्या भाऊसाहेबांच्या घरी आहे. घरातली मंडळी जुन्या वळणाची आहेत." मग कुमुदला हाक मारली. "तू हिच्याजवळच राहायचं. समजलं?"

कुमुदनं मान हलवली.

मला तेव्हा राग आला नाही, हे खरं आहे. मी वीस वर्षांची होते. मला ती एक युक्ती वाटली. सर खेळातही हेच शिकवायचे, डोळे एकीकडे आणि बॉल दुसरीकडे.

काकू फार प्रेमळ बाई होत्या. भर दुष्काळात त्यांच्या विहिरीला पाणी होतं, ते आम्हाला त्या हंडे भरभरून द्यायच्या. पंगतीत मला शेजारी बसवायच्या. तुपाची वाटी माझ्या पानावर जरा जास्तच कलंडायची. मी खाली मान घालून जेवायची. घशाखाली घास उतरायचा तो चोरल्यासारखा. कोणी 'देशमुख' म्हणून हाक मारली तर मला 'ओ' द्यायला क्षणभर उशीर व्हायचा, आणि तेवढ्यात कुमुद माझ्या दंडाला चिमटा काढायची.

मैदानावर मात्र मी माझीच होते. फायनलला जबलपूरची टीम होती, दांडगी. आम्ही जिंकलो. कशा जिंकलो ते सांगत बसत नाही. इतकंच सांगते की शेवटी शेवटी कुमुद माझ्याकडे न बघता बॉल टाकत होती आणि तो माझ्या हातातच येत होता.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. मांडव, लाउडस्पीकर, पुढच्या खुर्च्यांवर गावातली बडी मंडळी, त्यात काकूही. सांघिक कप झाला. मग निवेदकानं पुकारलं, "स्पर्धेतली उत्कृष्ट खेळाडू, कुमारी वनमाला देशमुख!"

पोरींनी मला ढकललंच. मी उठले आणि स्टेजकडे निघाले. तेवढ्यात दोरीपलीकडच्या गर्दीत बाबा दिसले.

ते येणार हे मला माहीत नव्हतं. पाळी बदलून घेऊन, पॅसेंजरनं, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. ते टाळ्या वाजवत होते. पण माझ्याकडे बघून नाही. टाचा उंचावून इकडेतिकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं, ते ती दुसरी वनमाला शोधत आहेत. शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून त्यांनी काहीतरी सांगितलं. काय ते मला नंतर कळलं. ते म्हणाले होते, "माही पोरगी बी चांगली खेलली बरं."

मी स्टेजवर चढले. भाऊसाहेब हसत कप पुढे करत होते. मी कप घेतला नाही. माइककडे गेले. त्या काळी माइकसमोर बोलायचं कसं तेही मला माहीत नव्हतं, इतकं जवळ तोंड नेलं की कर्णा किंचाळला.

"नाव चुकलं आहे," मी म्हणाले. "माझं नाव वनमाला दौलत खोब्रागडे."

विदर्भात खोब्रागडे म्हणजे कोण हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाऊसाहेबांच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

मग सर उठले. सावकाश पायऱ्या चढून आले, माइक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "नाव मी बदललं होतं. मुलीनं नाही. दोष द्यायचा तर मला द्या. खेळ मात्र तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे."

भाऊसाहेबांनी कप माझ्या हातात दिला. दिला म्हणजे, मी तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

स्टेजमागे ते सरांना हळूच म्हणाले, "सर, तुम्ही आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"सोय केली असती. वेगळी." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीच्या मुली राहायला काही हरकत नाही. या मुलीची व्यवस्था शाळेत करतो."

सर गप्प राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. स्टेजवर जो माणूस बोलला होता तो आता पुन्हा बोलेल असं मला वाटत होतं. सर माझ्याकडे वळले. "एका रात्रीचा प्रश्न आहे, वनमाला. उद्या सकाळी गाडीच आहे आपली."

तेवढ्यात बाबा येऊन पोचले होते. त्यांनी हात जोडले. "नाई सर. पोरगी माह्यासंग येते. सांजची पॅशिंजर हाय."

"कप सांभाळून न्या," सर म्हणाले.

गाडीत बाबांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. बराच वेळ ते नुसते शेंगा फोडत होते. जलंबला गाडी बदलली तेव्हा कुठे बोलले. "नाव कोनं बदललं होतं?"

"सरांनी."

"अन् तू सांगतलं."

"हो."

मग ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. दाणे स्वतः खाल्ले नाहीत. एकेक करून कपात टाकत गेले आणि कप भरल्यावर माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या आठवड्यात मी मैदानावर गेले. सरांनी नेहमीसारखं पळायला लावलं, नेहमीसारखे ओरडले. सगळ्या गेल्यावर सायकलला बॉल बांधता बांधता म्हणाले, "तू खरं बोललीस. पण आता बाहेरगावी तुला मी ठेवू कुठं?"

"शाळेच्या वर्गात ठेवा. धर्मशाळेत ठेवा."

"तुला एकटीला?"

यावर 'सगळ्यांनाच ठेवा' हे उत्तर होतं. ते मी द्यायचं की त्यांनी, हा विचार करत मी उभी राहिले, आणि ते निघून गेले. त्यानंतर नागपुरातल्या प्रत्येक सामन्यात मी खेळले. बाहेरगावी एकदाही नाही. युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड झाली तेव्हा सामने इंदूरला होते. सरांनी माझं नाव पुढे केलं नाही. शिक्षण संपलं, तेव्हा मात्र याच सरांनी सायकलवरून वीज मंडळाच्या साहेबांच्या घरी खेपा घातल्या आणि खेळाडू म्हणून मला नोकरी मिळवून दिली. त्या नोकरीवर माझे दोन भाऊ शिकले.

कुमुद सगळीकडे गेली. इंदूर, पुणे, बंगलोर, पुढे देशाच्या टीममध्येही. सरांची सगळ्यात नावाजलेली खेळाडू. बँकेत मोठी अधिकारी झाली. लग्न जोशांकडे झालं, पण मैदानावर सगळे तिला डोंगरेच म्हणत.

सर वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी कॉलेजनं बास्केटबॉलसाठी मोठा हॉल बांधला. त्याला सरांचं नाव द्यायचं ठरलं आणि धुरळा उडाला. माजी विद्यार्थ्यांची समिती म्हणत होती, ज्या काळात कोणी विहिरीवर पाणी भरू देत नव्हतं त्या काळात सरांनी वस्तीत जाऊन चहा घेतला आणि भर स्टेजवर आपल्या बौद्ध खेळाडूची बाजू घेतली. समितीची अध्यक्ष होती कुमुद. विरुद्ध बाजूला त्याच कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या डॉ. स्नेहल वासनिक. आमच्याच समाजातली हुशार मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिचं म्हणणं, तीस वर्षांत या माणसानं आपली एकच मुलगी टीममध्ये घेतली, तीही खोट्या नावानं, आणि तिनं नाव सांगितल्यावर तिला बाजूला टाकलं.

दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येऊन गेले. दोघांनाही मी अख्खी गोष्ट सांगितली, आणि दोघांनीही आपापला अर्धा भाग लिहून नेला. शेवटी कॉलेजनं सभा बोलावली आणि मला म्हणाले, तुम्हीच येऊन सांगा.

मी गेले. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. आत्ता सांगितलं तेच सगळं, खुर्चीवर बसून सांगितलं. व्यासपीठावर कुमुद होती. पांढरे केस, हातात काठी. स्नेहल पहिल्या रांगेत.

माझं झाल्यावर स्नेहल उठली. "मावशी, तुम्हीच सांगा. सर चांगले होते की वाईट?"

"बाई गं, घरी येऊन चहा पिणारे तेच, नाव बदलणारेही तेच. स्टेजवर दोष अंगावर घेणारे तेच आणि लगेच खाली उतरून गप्प बसणारेही तेच. मी त्यांना सोलून वेगळं करू शकत नाही. तुम्हाला जमत असेल तर करा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मला बरं वाटलं.

"अजून एकच विचारते," स्नेहल म्हणाली. "तुमच्याशिवाय आपली दुसरी कोणी मुलगी सरांच्या टीममध्ये होती का? कधीही?"

मी व्यासपीठाकडे बघितलं नाही. मान वळू नये म्हणून मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

खामगावची एक गोष्ट मी सभेत सांगितली नव्हती. कोणालाच कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही स्टेशनवर बसलो असताना कुमुद टांग्यातून माझी वळकटी घेऊन आली. बाबांच्या पाया पडली. मग मला नळाकडे घेऊन गेली आणि नळ सोडून, त्या आवाजात म्हणाली, "वनमाला, मीही तुमच्यातलीच आहे."

मला कळेचना.

"छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. सरांना माहीत आहे. आमचं आडनाव बरं निघालं, एवढंच. डोंगरे ब्राह्मणांतही असतात. मी कधी खोटं सांगितलं नाही, कोणी विचारलंच नाही." तिनं नळ आणखी मोठा सोडला. "तू नाव सांगितलंस तेव्हा मी उठणार होते. मी बुटाची नाडी बांधत बसले."

गाडीची शिट्टी झाली. ती टांग्यात बसून बंगल्यावर परत गेली. काकूंच्या पंगतीत जेवली असेल.

तेव्हा मला कळलं, सरांनी तिला माझ्याजवळ राहायला का सांगितलं होतं, अचलपूरचे देशमुख तिला इतके चटकन का सुचले, आणि रेल्वेचा फुकट पास असूनही तिचे वडील एकाही सामन्याला का आले नाहीत.

"मावशी?" स्नेहलनं पुन्हा विचारलं.

"दुसऱ्या कोणाचं मी काय सांगू?" मी म्हणाले. "मी माझं सांगितलं."

सभा पांगली. मी बाहेरच्या बाकावर रिक्षाची वाट बघत बसले होते. काठी टेकत कुमुद आली आणि शेजारी बसली. आम्ही दोघी मैदानाकडे बघत होतो. मुली खेळत होत्या.

"तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझं नाव मी कशाला घेऊ?"

"एकच मुलगी घेतली म्हणतात सरांनी. मी तिथं अध्यक्ष म्हणून बसले होते आणि ऐकत होते."

"हं."

"तुला वाटत असेल, मी आज तरी उठायला हवं होतं."

"मला आता काही वाटत नाही, कुमुद. खरंच. फार दमायला होतं."

"मुकुंदला माहीत नाही," ती म्हणाली. मुकुंद तिचा मुलगा, पन्नाशीला आलेला. "त्याच्या बाबांना माहीत होतं. त्यांनी सासूबाईंना कळू दिलं नाही, मग मुलालाही सांगायचं राहिलं. माझी आई गेली तेव्हा मी एकटीच गेले, गं. पाहुण्यासारखी जाऊन आले."

मी तिच्या हातावर हात ठेवला. रिक्षा आली.

हॉलला सरांचं नाव लागलं. समितीनं पुस्तिका काढली, तिच्यात कप घेतलेला माझा फोटो आहे. स्नेहलचा लेख एका मासिकात आला. त्यातही तोच फोटो आहे. दोन्हीची एकेक प्रत मला घरपोच मिळाली.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. मुकुंद आईला हाताला धरून उतरवत होता. इतक्या वर्षांत कुमुद माझ्या घरी कधी आली नव्हती. मी तिच्याकडे कितीदा तरी जाऊन आले होते. ती उंबऱ्याशी थांबली. समोर बाबासाहेबांची तसबीर, बाजूला बुद्धमूर्ती, तिच्यापुढे सकाळची मेणबत्ती अजून जळत होती. कुमुदनं काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि हात जोडले. सवयीनं जोडल्यासारखे, कपाळाला लावून. मुकुंद बघत राहिला.

"मावशी, आई आज हट्टच धरून बसली," तो खुर्ची ओढत म्हणाला. "म्हणाली, वनमालाकडे ने, तुलाही तिथं बसायचं आहे. काय विशेष?"

"मी चहा टाकते," मी म्हणाले आणि आत आले.

पातेलं चढवलं. बाहेरून कुमुदचा आवाज आला, खालचा, पण स्पष्ट. "मुकुंद, फोन ठेव बाजूला. माझी आई कुठली होती ते तुला कधी सांगितलं नाही मी."

चहाला उकळी येत होती. मी गॅस बारीक केला आणि तिथंच उभी राहिले.